आयत्या वेळचा साकव

आमच्या घराचं सार्वजनिक उद्यान झालं ते आंबे उतरवायच्या ऐन घाईत. तसं ते फक्त नकाशावर झालं होतं, पण आईला हा फरक पटेना. तिनं नकाशातल्या हिरव्या चौकोनावर पिठाचं बोट ठेवलं आणि अप्पांना विचारलं, "मग मी चूल कुठे मांडायची? कारंज्यात?"

अप्पा नकाशाची सुरकुती सरळ करत राहिले. ज्या समितीनं तो नकाशा केला तिचे ते चिटणीस होते, आणि चिटणिसानं स्वतःचं मत द्यायचं नसतं म्हणे. घरात हा नियम ते फार पूर्वीपासून पाळत आले आहेत.

या सगळ्याला मैना जबाबदार, असं आमच्या वाडीत अजून बोललं जातं. मैना म्हणजे मी. मला हे मुळीच मान्य नाही. मी फक्त एक भाषण केलं होतं. रत्नागिरीत रोज कुणी ना कुणी कुठे ना कुठे भाषण करत असतं आणि त्यातून एक चिरा इकडचा तिकडे होत नाही. नेमकं माझ्याच भाषणातून काही होईल असं मला का वाटावं?

झालं असं. शाळेत वक्तृत्वाची स्पर्धा होती आणि विषय होता 'सहकार'. बाकीच्या मुलींनी मुंग्या आणि मधमाश्या घेतल्या. मी आमचा पऱ्या, म्हणजे ओढा, घेतला. आमचं खारकोंड पऱ्याच्या अलीकडे, शहर आणि शाळा पलीकडे. पऱ्या पुढे खाडीला मिळतो, त्यामुळे भरतीला फुगतो आणि ओहोटीला दगडादगडांवरून उड्या मारत पलीकडे जाता येतं. पावसाळ्यात मात्र दगड दिसतच नाहीत. तेव्हा वाडी साकव बांधते. मृगाच्या आधी एका सकाळी घरटी एकेक पोफळीचा सोट आणायचा, कुणी काथ्याचा दोर आणायचा, कुणी नुसताच सल्ला आणायचा, की जेवणवेळेपर्यंत साकव तयार. रुंदी एका माणसापुरती. दसरा झाला की सोडायचा आणि सोट चुलीत घालायचे. वरच्या कातळावरून वळसा घालूनही शाळेत जाता येतं, नाही असं नाही. पण त्या वाटेनं गेलं की शाळेची जी घंटा ऐकू येते ती सुटल्याची.

तर मी व्यासपीठावर हात उंचावून म्हटलं, "दोन काठ वर्षानुवर्षं एकमेकांकडे बघत उभे आहेत, आणि त्यांना जोडतो कोण? चार महिन्यांचा पोफळीचा सोट! हे काठ आपण कायमचे कधी जोडणार?" एवढं बोलून मी थांबले, कारण थांबलं की टाळ्या येतात. आल्या. पहिला नंबर आला, पितळेचं फुलपात्र मिळालं. पाहुणे म्हणून शहराच्या म्युनिसिपालटीचे अध्यक्ष आले होते. ते डोळे पुसत उठले आणि म्हणाले, "या मुलीला मी आजच उत्तर देतो. तिथं पक्का साकव होईल!"

मी घरी पोचायच्या आत बातमी वाडीत पोचली होती. शेजारच्या गोदूबाई दगडी गडग्यावर हात टेकून वाटच बघत होत्या. गोदूबाईंची पोफळीची बाग पऱ्याला लागून, म्हैस आमच्या परसाला लागून, आणि मत सगळ्यांच्याच घराला लागून.

"काय गो मैने, सिमिटाचा साकव आणलास म्हणे?"

"मी नाही आणला, अध्यक्षांनी कबूल केला."

"तां एकच. बरं झालं. यंदा माझा सोट वाचला." आणि त्याच संध्याकाळी त्यांनी साकवासाठी काढून ठेवलेला सोट गोठ्याला तुळई म्हणून घातला. त्यांचं बघून सगळ्या वाडीनं आपापले सोट कुठे ना कुठे लावून टाकले. सरकार सिमेंट ओतणार, तर आपण काथ्या कशाला वळायचा?

आमचे अप्पा एका वकिलांचे कारकून आहेत. त्यांचा माणसांवर विश्वास नाही, देवावर बेताचा आहे, पण अर्जावर पूर्ण आहे. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या आधीच त्यांनी साकवाचा अर्ज लिहिला. तो इतका सुंदर होता की तो वाचून साकव आपोआप उभा राहायला हरकत नव्हती. अर्ज म्युनिसिपालटीत गेला. तिथं सांगण्यात आलं की पऱ्याचा पलीकडचा अर्धा भाग आमचा, अलीकडचा तुमच्या पंचायतीचा. आम्ही अर्धा साकव कसा बांधणार? अप्पा पंचायतीत गेले. सरपंच रावजीकाका म्हणाले, "आमचा अर्धा आम्ही बांधू हो, पण शहराचे दिव्याचे खांब पऱ्यापर्यंत येऊन थांबलेत. ते अलीकडे आले तर आम्हांला साकव दिसेल तरी." खांबांचं विचारायला अप्पा पुन्हा शहरात गेले, तेव्हा कळलं की पऱ्याकडे उतरणारी पायऱ्यांची पाखाडी या दोघांचीही नव्हे, ती लोकल बोर्डाची. बोर्डात गेले, तर ते म्हणाले, पाखाडी आमची असल्याचं आम्हांला आजच तुमच्याकडून कळतंय.

शेवटी अध्यक्षांनी तोड काढली. त्यांच्याकडे पुण्याहून एक नवे ओव्हरसियर आले होते. शहर-नियोजनाचा नवा कायदा त्यांना तोंडपाठ होता आणि तो कुणाला तरी म्हणून दाखवावा अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्या सल्ल्यानं 'शहर व लगतची गावे संयुक्त विकास नियोजन समिती' स्थापन झाली. वाडीत तिला नुसतं 'संयुक्त' म्हणतात. अध्यक्ष, सरपंच, ओव्हरसियर, होडीवाल्यांतर्फे रमजानचाचा, आणि अक्षर चांगलं म्हणून चिटणीस आमचे अप्पा.

पहिली बैठक कुठे घ्यायची? सरपंच म्हणाले, आम्ही शहरात आलो तर आम्ही शहराखाली आलो असं होईल. अध्यक्ष म्हणाले, मी गावात आलो तर शहर गावात आलं असं होईल. मग शिवेला सगळ्यांत जवळची ओटी म्हणून आमची ओटी निवडण्यात आली. त्या बैठकांत काय ठरलं ते मला नीट सांगता येणार नाही, पण घरातली साखर दर बैठकीला संपत असे.

रमजानचाचा म्हणजे माझी मैत्रीण खुर्शीद हिचे वडील. खुर्शीद आणि मी एकाच वर्गात, एकाच बाकावर, आणि भरतीच्या दिवशी एकाच दगडावर अडकलेल्या अशा जिवाभावाच्या. त्यामुळे संयुक्तची आतली बातमी आम्हांला दोन्ही बाजूंनी मिळे.

ओव्हरसियर पहिल्याच दिवशी म्हणाले, "माणसापुरता साकव बांधणं ही दूरदृष्टी नव्हे. पंचवीस वर्षांनी शहर या काठावर येणार. निदान बैलगाडी जायला हवी."

"बैलगाडी जाणार, तर मोटार का नको?" अध्यक्ष म्हणाले.

"मोटार येणार, तर एस.टी. का नको?" सरपंच म्हणाले.

"काय पायजे ती न्या वरून," रमजानचाचा म्हणाले, "पण खालून माझी होडी गेली पायजे. भरतीला मी पार गोदूबाईच्या बागेपर्यंत वाळू घेऊन येतो."

होडी जायची तर पूल उंच हवा. पूल उंच म्हणजे चढ लांब हवा. तो चढ नकाशावर गोदूबाईंच्या बागेतून निघाला आणि त्यांच्या गोठ्याच्या दारात उतरला. एस.टी. येणार म्हणजे स्टँड हवा, स्टँड आला की बाजारपेठ हवी, बाजारपेठेत दमलेल्या माणसाला बसायला उद्यान हवं. ओव्हरसियरांजवळ रंगीत पेन्सिलींची डबी होती. समितीतल्या प्रत्येकाला एकेक रंग आवडला. माझ्या साकवाचा असा एस.टी. स्टँड झाला, आणि आमचं घर, विहीर, दोन हापूस आणि आई धरून, हिरव्या रंगात गेलं.

नकाशा आमच्या ओटीवर टांगला होता. सगळी वाडी तो बघायला यायची. सरपंचांचं शेत बाजारपेठेत आलं होतं, त्यामुळे ते हल्ली दुकानदारासारखे हात मागे बांधून चालत. गोदूबाईंच्या गोठ्यावर ओव्हरसियरांनी 'वाचनालय' असं लिहिलं होतं. ते कुणीतरी वाचून दाखवल्यावर गोदूबाई तडक आमच्या ओटीवर चढल्या.

"चिटणीसभाऊ, माझी म्हस पारडी होती तेव्हापासून त्या जाग्यावर बांधलीय. ती काय वाचणार हाय?"

"हे पंचवीस वर्षांनंतरचं आहे, गोदूबाई," अप्पा म्हणाले.

"मग तेव्हाची म्हस काय शिकलेली असेल?"

खुर्शीद तर रोज संध्याकाळी येऊन विचारायची, "उद्यान उघडं आहे का? जरा पाय मोकळे करायचे होते." मी वरवर हसत असे. पण पितळेचं फुलपात्र मिळवलेल्या मुलीला असं कुणी चिडवावं, हे मला मनातून लागत होतं.

आणि अशातच आत्या आली. अप्पांची थोरली बहीण. गुहागरला असते. दरवर्षी आंबे खायला दाभोळहून बोटीनं येते आणि पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आधी शेवटच्या बोटीनं परत जाते. आत्याचा स्वभाव वाईट नाही, पण तिच्याकडे पोफळी फार आहेत. जगातल्या बहुतेक अडचणी सुपारी सोलताना सुटतात असं तिचं मत आहे.

"यंदा साकव नाही म्हणता? आणि पोरीची शाळा?" तिनं पहिल्याच घासाला विचारलं.

अप्पांनी नकाशाकडे बघितलं. नकाशावर पूल, स्टँड, बाजारपेठ सगळं होतं. पऱ्यावर काहीच नव्हतं.

"कातळावरून जाईल," अप्पा म्हणाले.

"पावसात? एकटी मुलगी? वीज पडते त्या कातळावर. त्यापेक्षा माझ्याबरोबर पाठव गुहागरला. हाताखाली येईल. दहावीपर्यंत शिकली, पुष्कळ झालं, अकरावी मॅट्रिक होऊन कुठे जायचंय? मलाही तिकडे दोन चांगली घरं माहिती आहेत."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. चांगली घरं म्हणजे राहायची नव्हेत, हे मला न सांगता कळलं. अप्पा खूप वेळ भात कालवत बसले आणि मग म्हणाले, "शेवटच्या बोटीपर्यंत साकवाचं काही झालं, तर शाळा. नाही झालं, तर गुहागर."

अप्पा वकिलांकडे राहून राहून असेच बोलतात. पण निकाल लागला होता.

त्या दिवसापासून मी उद्यानाचं वाईट वाटून घेणं सोडून दिलं आणि कामाला लागले. प्रथम गोदूबाईंकडे गेले आणि म्हटलं, दरवर्षीसारखा साधा साकव बांधू या. त्या म्हणाल्या, "बांधू की! सोट कुठाय? माझा गोठ्याला लागला." सरपंचांकडे गेले. ते म्हणाले, "पोरी, तुझ्या अप्पानंच ठराव लिहिलाय ना! नियोजित पुलाच्या जागी कुणी तात्पुरतं बांधकाम करायचं नाही." मी अप्पांकडे गेले. अप्पा म्हणाले, "हो. ठराव एकमतानं झाला. भाषा बरी जमलीय त्यात." खुर्शीद म्हणाली, "तू रड. मोठ्यानं रड. आमच्याकडे चालतं ते." पण मी वक्तृत्वात पहिली आलेली होते. रडणं मला शोभलं नसतं. रात्री थोडं रडले, पण ते शोभेसाठी नव्हतं.

शेवटी मी पऱ्या ओलांडून थेट अध्यक्षांच्याच घरी गेले आणि म्हटलं, "साहेब, पाऊस तोंडावर आला. तुम्ही शब्द दिला होता." ते खरोखरच ओशाळले. "पूल काही पावसाआधी होत नाही, बाळ," ते म्हणाले, "पण निदान पायाचा दगड बसवून टाकू. तू तिथं स्वागताचं भाषण कर!" दगडावरून शाळेत कसं जायचं ते त्यांनी सांगितलं नाही. पण भाषण म्हटल्यावर माझी मान हलली. हा माझा दोष आहे.

आता नारळ कुणी फोडायचा? आमच्याकडे शिवेवर काही करायचं तर शिवेचा नारळ द्यावा लागतो, आणि त्याचा मान ज्याचा त्यालाच. आमच्या काठावर शहराच्या माणसानं नारळ फोडला तर आमच्या ग्रामदेवतेचा अपमान, आणि त्यांच्या काठावर रावजीकाकांनी फोडला तर त्यांच्या. यावर संयुक्तची सगळ्यांत लांब बैठक झाली. तोडगा निघाला तो असा की पऱ्याच्या बरोबर मध्ये एक काळा खडक आहे, बसलेल्या म्हशीसारखा. त्याच्या पाठीवर उभं राहून दोघांनी दोन नारळ एकाच वेळी फोडायचे. भटजींनी मुहूर्त काढून दिला. पौर्णिमा, सकाळी साडेदहानंतर.

पौर्णिमेला भरदुपारी उधाणाची भरती असते हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. पण संयुक्तमध्ये असं होतं की शहराला वाटलं गावानं बघितलं असेल, गावाला वाटलं शहरानं बघितलं असेल, आणि ओव्हरसियर पुण्याचे. त्यांच्या मते नदी एकाच दिशेला वाहते.

मंडपही दोन झाले, काठाकाठाला एकेक. कारण एकच मंडप घातला असता तर तो कुठल्या तरी एका काठावर घालावा लागला असता. त्यासाठी सरपंचांनी कुठून कुठून नवे कोरे पोफळीचे सोट आणले, शहरवाल्यांनी त्याहून उंच आणले. वर झावळ्या, खाली सतरंज्या. शेवटची बोट परवाची होती. आत्या आपलं बोचकं बांधूनच मंडपात येऊन बसली होती, आणि त्यात माझे दोन परकर होते.

दहाच्या सुमारास, भरती पऱ्यात शिरायच्या आत, संयुक्त समिती दगडादगडांवरून खडकावर गेली. अध्यक्षांनी आपले नवे पंपशू कोरडे राहावेत म्हणून एका दगडावर काढून ठेवले. अप्पा धोतर खोचून टाक-दौत घेऊन गेले. ओव्हरसियरांनी नकाशाची सुरळी नेली. माझं स्वागताचं भाषण आधी व्हायचं होतं, पण अध्यक्ष म्हणाले, "मी दोन शब्द बोलतो, मग ती." मी मंडपात उभी राहून घसा साफ करत राहिले.

अध्यक्ष रत्नागिरीच्या भविष्यावर बोलू लागले. शहर कसं वाढेल, गावं त्याला कशी येऊन मिळतील, पाणी कसं घरोघर येईल. पाणी येतच होतं. आधी पंपशू निघाले. डुलत डुलत, एकामागून एक, मोठ्या शिस्तीनं आमच्या मंडपासमोरून वर बागेकडे गेले. आम्ही सगळ्यांनी ते बघितले. पण भाषणाच्या मध्ये बोलणार कोण?

मग नारळ. सरपंच आणि अध्यक्ष समोरासमोर वाकले. ओव्हरसियर म्हणाले, "एक, दोन, तीन!" दोघांनीही हात उचलले आणि दुसरा आधी मारतो की काय हे बघत तसेच थांबले. पुन्हा एक, दोन, तीन. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा दोघांनी एकदम जोरात मारले, आणि नारळ खडकावर न लागता एकमेकांवर आपटून पाण्यात पडले. ते कुठे पडले हे बघायला सगळे वाकले, तेव्हा समितीच्या लक्षात आलं की यायचे दगड नाहीसे झाले आहेत.

"रमजानभाई!" सरपंच ओरडले. "भरती!"

"होय ना," रमजानचाचा शांतपणे म्हणाले. "पुनव आहे."

"मग बोलला नाहीस तो?"

"मला भरती ठाऊक होती रावजीभाऊ. पण अध्यक्षसाहेब एवढं बोलतील हे ठाऊक नव्हतं."

चाचांची होडी पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर उलटी घालून डांबर लावून ठेवली होती. ते स्वतः पोहून आले असते, पण सरपंचांनी त्यांचा दंड जो धरला तो सोडला नाही. पाणी म्हशीच्या पाठीला लागलं. अप्पांची दौत गेली. ओव्हरसियरांनी नकाशा डोक्यावर धरला आणि ते कायद्यातलं काहीतरी आठवू लागले.

अशा वेळी वाडी काय करते ते वाडीला सांगावं लागत नाही. "बघताय काय मेल्यांनो, मांडव मोडा!" गोदूबाई गरजल्या. झावळ्या उडाल्या, सोट निघाले, काथ्याचे दोर सुटले. पलीकडच्या काठावरच्या शहरवाल्यांनी ते बघितलं आणि आपला मंडप मोडायला घेतला. त्यांना साकव बांधता येत नव्हता, तेव्हा गोदूबाई पऱ्यापलीकडच्या अनोळखी शिरस्तेदाराला इकडून ओरडून शिव्या देत शिकवत होत्या, आणि तोही "होय बाई, होय बाई" करत सोट पुढे सरकवत होता. दोन्ही काठांवरून सोट निघाले आणि खडकाच्या पाठीवर येऊन टेकले. वर बांबूच्या आडव्या कांबी पडल्या.

"थांबा!" खडकावरून ओव्हरसियर ओरडले. "समितीच्या ठरावाप्रमाणे इथं तात्पुरतं बांधकाम करायला बंदी आहे!"

"तुम्ही थांबा हो खडकावर," सरपंच म्हणाले. "मंजुरी आली की बोलावू."

आता फक्त हाताला धरायचा दोर खडकापर्यंत न्यायचा होता. त्याशिवाय त्या डुगडुगत्या सोटांवरून समिती येणं शक्य नव्हतं. "हलकं माणूस पायजे," गोदूबाई म्हणाल्या आणि दोराचं टोक माझ्या हातात दिलं. "जा गो."

मी निघाले. खाली पाणी चांगलंच ओढत होतं. लहानपणापासून मी साकवावरून चालत आले आहे, त्यामुळे मला भीती वाटली नाही. पण अर्ध्यात आल्यावर समोर खडकावर अप्पा दिसले, मागे मंडप नसलेल्या सतरंजीवर बोचकं घेऊन बसलेली आत्या दिसली, आणि माझे पाय आपोआप थांबले. थांबलं की काय होतं हे मला स्पर्धेपासून माहीत होतं.

"मैने, दोर दे!" अप्पा म्हणाले.

"देते. अप्पा, शाळा की गुहागर?"

अप्पा घोट्याएवढ्या पाण्यात ताठ झाले. "हा विषय आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर नाही."

"अहो चिटणीस!" अध्यक्ष एक अनवाणी पाय वर धरून म्हणाले, "आयत्या वेळचा विषय म्हणून घ्या! अध्यक्षांची परवानगी आहे!"

"मी मांडतो," सरपंच म्हणाले. "पोरीनं शाळेत जावं."

"माझं अनुमोदन," रमजानचाचा म्हणाले.

"आणि हा साकव दसऱ्यापर्यंत कुणी सोडायचा नाही," मी म्हटलं. "ठराव असो नसो."

सगळ्यांनी ओव्हरसियरांकडे बघितलं. त्यांच्या पायाशी पाणी होतं, डोक्यावर नकाशा होता. "तात्पुरती सोय, असा शब्द घातला तर हरकत नाही," ते म्हणाले.

अप्पांचं मत अजून यायचं होतं. तेवढ्यात काठावरून आत्या म्हणाली, "आणि माझ्या सुपारीचं काय रे?"

आमची आई भरल्या सभेत कधी बोलत नाही. ती समितीला चहा देतानासुद्धा दाराआडून कप सरकवते. पण त्या दिवशी ती पदर खोचून मंडपाचा सोट वाहत होती, त्यामुळे तिचा आवाज मोकळा झाला असावा.

"सुपारी तुमच्याकडे दरवर्षी होते, वन्सं," ती म्हणाली. "अकरावी एकदाच असते."

अप्पांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. चिटणिसानं मत द्यायचं नसतं. त्यांनी दिलं. "शाळा," ते म्हणाले. "एकमतानं मंजूर. आता दोर आण."

मी दोर नेला. समिती एकेक करून उतरली. स्वागताचं भाषण राहिलं ते राहिलंच. मी एकदा विचारून बघितलं, पण सगळ्यांना धोतरं पिळायची घाई होती. परवाच्या बोटीनं आत्या गेली. बोचक्यातले माझे परकर तिनं काढून परत दोरीवर टाकले आणि जाताना हातात खाऊ म्हणून सुपारीच ठेवली.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच दिवशी खुर्शीदनं दप्तर बांधायला उशीर केला आणि आम्ही धावतच साकवावर चढलो. मधला खडक मागे टाकला, तर समोरून छत्री उघडी धरून अध्यक्ष येत होते. गावात सरपंचांकडे काही कामासाठी निघाले असावेत. नवे पंपशू काखेत होते. ते थांबले, आम्ही थांबलो. वळायला जागा नव्हती. त्यांनी आमच्या दप्तरांकडे बघितलं, खाली पाण्याकडे बघितलं, आणि मग एका हातानं दोर धरून, पायानं कांबी चाचपत, मागे मागे चालत पलीकडच्या काठापर्यंत गेले आणि बाजूला उभे राहिले.

"या, या," ते म्हणाले, "आधी तुम्ही."

रीतीप्रमाणे आम्ही "नाही नाही, आधी तुम्ही" म्हणायला हवं होतं. पण शाळेची घंटा होत होती, आणि या वेळची भरल्याची होती.